उंबऱ्यात तुटलेलं गाणं

चुडाव्याच्या स्टेशनात गाडीनं शिट्टी मारली की रुळाकडच्या वस्तीतून एक पोरगी तिच्या वरताण ओरडायची. ती कुसुम. बाप रेल्वेत गँगमन, आई रोजानं रानात जाणारी, आणि ही मधली लेक गळ्याची एवढी तिखट की बारशाला पाळणा म्हणायला तिला चार वस्त्यांतून बोलावणं यायचं. चौथी झाल्यावर शाळा सुटली, गाणं काही सुटलं नाही. जयंतीच्या मंडपात मोठी माणसं पेटी घेऊन बसायची, तिथं ही दहा वर्षांची पोर मधेच घुसून कडवं उचलायची. पेटीवाल्यानं एकदा दटावलं, "ए पोरी, सूर बघून गा." त्यावर ही म्हणाली, "सूर माझा बराबर हाय काका, तुमची पेटीच उतरलीय." आणि पेटी खरंच उतरलेली होती!

अशा बाईच्या वाट्याला नवरा आला तो सिताराम खंदारे. मुलखाचा सबुरीचा माणूस. रेडिओ दुरुस्त करायचा. बोलायच्या आधी दहादा विचार करायचा आणि मग बहुतेक वेळा बोलायचाच नाही. लग्न सत्त्याहत्तर साली झालं. कुसुमबाई नांदायला गेली ते गाव कोणतं हे ती आजही सांगत नाही, नाव घेतलं की तोंड कडू होतं म्हणते. दुसऱ्याच वर्षी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. त्यात यांचंही घर गेलं. घरात दुरुस्तीला आलेले अकरा रेडिओ होते, तेही जळाले. ज्यांचे रेडिओ होते त्यांतलेच दोघंतिघं जाळायला आलेल्यांत होते, हे सितारामनं डोळ्यांनी पाहिलं. अंगावरच्या कपड्यांनिशी नवराबायको परभणीला आले. कुसुमबाईला त्या दिवशी राग आला तो राहिला, आणि सितारामला भीती बसली ती राहिली. दोघांचा संसार त्यानंतर या दोन गोष्टींवरच चालला म्हणायला हरकत नाही.

पाच वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात हाताखाली काम करून सितारामनं स्टेशन रोडच्या मागल्या गल्लीत एक खोली घेतली आणि कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं. आता हे काय प्रकरण, असं नव्या पोरांना वाटेल. त्या काळी गिऱ्हाईक कोरी कॅसेट घेऊन यायचं आणि सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेली गाण्यांची यादी. सिताराम दोन टेपरेकॉर्डर एकमेकांना जोडून यादीतली गाणी त्या कॅसेटीत उतरवून द्यायचा. कुसुमबाई मागच्या बाजूला पोत्यावर बसून कॅसेटींच्या भोकात पेन्सिल घालून पट्ट्या गुंडाळायची. नुसत्या बोटांच्या अंदाजानं पट्टी किती उरलीय ते तिला कळायचं.

दुकानाचं नाव 'न्यू म्युझिक सेंटर'. 'पंचशील' ठेवा म्हणून कुसुमबाई भांड भांड भांडली. पण सितारामला नावावरून काही कळू नये असंच नाव पाहिजे होतं. कळणाऱ्यांना कळतच होतं म्हणा. पण कळणं वेगळं आणि ते तोंडावर येणं वेगळं. तोंडावर येत नव्हतं तोवर झरीचे, पेडगावचे मोठमोठे शेतकरी बिनघोर त्याच्या बाकड्यावर बसायचे, गप्पा छाटायचे, आणि "सिताराम, तुझ्या हातची केसेट म्हंजे लय साफ" म्हणून जायचे.

सितारामचा चुलतभाऊ आश्रुबा हैदराबादला टेपरेकॉर्डरच्या दुकानात होता. रेल्वेच्या गार्डाच्या ओळखीनं तो महिन्याकाठी एखादी परदेशी नाचाची कॅसेट पाठवून द्यायचा. कॉलेजची पोरं त्या कॅसेटींवर तुटून पडायची. त्यातली एक आली तिच्या कव्हरावर एक काळीसावळी बाई होती, केस पिंजारलेले आणि तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. कुसुमबाई म्हणाली, "आगं बया, ही तर आमच्या कडूमावशीवानी दिसती!" सितारामनं कॅसेट लावली. शब्द एक कळेना. पण ढोल सुरू झाला, बाईनं पोटातून आवाज काढला आणि कुसुमबाईच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

"आवो, ही बाई भांडायलीय."

"गाणं हाय ते नाचायचं," सिताराम म्हणाला.

"नाचायलीय बी आन भांडायलीय बी. दोन्ही एकदम! मला वाटलं व्हतं भांडण येगळं आन नाच येगळा." त्या दुपारी तिनं ते गाणं नऊ वेळा ऐकलं. सितारामनं मोजलं होतं, कारण त्याला मोजायचा नाद होता.

त्याच कॅसेटीच्या कागदावर बारीक इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. तार ऑफिसातले क्लार्क माणिकराव चष्मा वर करून वाचून गेले, की हे गाणं तिकडं सहा आठवडे पहिल्या नंबरावर होतं आणि तो नंबर दुकानात तबकड्या किती खपल्या ते मोजून लावतात. मोजून! रेडिओवाल्याच्या मर्जीनं नव्हे. सितारामला हे एवढं पटलं की त्यानं दुसऱ्याच दिवशी पत्र्याचा एक तुकडा आणला, काळा रंग दिला आणि दुकानाच्या दारात ठोकला. आठवडाभर आलेल्या याद्या तो तारेला टोचून ठेवायचा. बाजारच्या आदल्या दिवशी तारेवरून काढून एकेका गाण्यापुढं रेघा ओढायचा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. माणूस एक, गाणं एक, रेघ एक. एकच माणूस एकच गाणं चार कॅसेटींत भरून घेऊन गेला तरी रेघ एकच. मग बाजारच्या दिवशी सकाळी फळ्यावर खडूनं दहा गाणी नंबरवार लिहायचा.

त्या फळ्यानं परभणीला येड लावलं. बाजाराला आलेली माणसं बैल बांधायच्या आधी फळा बघून जायची. पहिला नंबर कुणाचा यावर चहाच्या पैजा लागायच्या. झरीचे दत्तराव एकदा पैज हरले तेव्हा म्हणाले, "मोजणीत गडबड हाय." सितारामनं तारेला टोचलेल्या सगळ्या याद्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. दत्तरावांनी बसून मोजल्या आणि गुपचूप चहा पाजला. तेव्हापासून सितारामच्या फळ्याला कोणी खोटं म्हणायचं नाही.

फळ्यावर गाण्यांपुढं गाणाऱ्या बायांची नावं बघून कुसुमबाईच्या मनात आलं, की आपलं का नसावं? तिला असं वाटण्यात नवल काहीच नाही. तिला स्वतःच्या गळ्याविषयी कधी शंका आलीच नव्हती. भाकरी थापता थापता तिनं गाणं जुळवलं. थापेचा ताल होताच, त्यात त्या काळ्या बाईच्या ढोलाचा धक्का घातला. अमावास्येला बाजार बंद होता, त्या दुपारी शेजारच्या सरजाबाईला तेलाचा रिकामा डबा घेऊन बोलावलं, सितारामला टेप चालू करायला लावला आणि उभ्यानं गायली:

थांब म्हणती सासू, थांब म्हणतो दीर,
पाय माझा ऐकंना गं, पायाला न्हाई धीर!
रानामंदी जाते तर धुरा नाचतो,
घरामंदी येते तर चुला नाचतो,
उंबऱ्यात उभी ऱ्हायले तर…

पुढं आणखी होतं, आणि शेवटचं कडवं होतं. आपल्याकडं गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायची रीत आहे. जयंतीच्या मंडपातलं कोणतंही गाणं घ्या, शेवटी कवी आपलं नाव सांगून उठतो. कुसुमबाईनंही रीतसर आपलं नाव घातलं. गाणं सव्वातीन मिनिटांचं झालं. सरजाबाईनं डबा खाली ठेवून तिची दृष्ट काढली. सितारामनं मान हलवली आणि कॅसेट खणात ठेवून दिली.

आता कॅसेट भरायच्या धंद्यात एक पंचाईत असते. एका बाजूला तीस मिनिटं. गाणी पाच-सहा मावतात आणि शेवटी दीड-दोन मिनिटांची पट्टी खाली राहते. खाली पट्टी दिसली की गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून उरलेल्या जागेत बाकीचे दुकानवाले कशाची तरी सुरावट भरून द्यायचे. सितारामनं कुसुमबाईचं गाणं भरायला सुरुवात केली. "उंबऱ्यात उभी ऱ्हायले तर" इथपर्यंत आलं की गाणं तुटायचं. कुसुमबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पट्टी संपती तिथं. त्याला मी काय करू?" तिला ते खरं वाटलं.

आणि मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लग्नसराई आली. हळदीला, वरातीला सितारामच्या कॅसेटी वाजायला लागल्या, आणि मागवलेली गाणी संपल्यावर हे न मागवलेलं गाणं सुरू व्हायचं. म्हातारीकोतारी उठून नाचायची. "उंबऱ्यात उभी ऱ्हायले तर" आलं आणि गाणं तुटलं की सगळे होते तसे हात वर करून थांबायचे, जो हलला तो हरला. कुणी शिकवलं नाही, आपोआप खेळच झाला. पेडगावात, झरीत, पार पूर्णेपर्यंत तोच खेळ. मग यादीत लोक लिहायला लागले, 'शेवटचं'. आधी आठवड्याला तीन रेघा, मग अकरा, मग चाळीस. सितारामचा नियम सितारामच्याच गळ्यात आला. गाणं फळ्यावर घेतल्याशिवाय इलाज नव्हता.

त्याच सुमाराला पेडगावच्या दिनकररावांनी विचारलं, "सिताराम, ही शेवटच्या गाण्याची बाई कोण रे?" दिनकरराव म्हणजे चाळीस एकर बागायत, पांढरंशुभ्र धोतर आणि सगळ्या जगाची खबर आपल्यालाच अशी समजूत. दुकानात पंधरा माणसं होती. सिताराम गोंधळला आणि तोंडातून निघून गेलं, "हैदराबादची हाय, मालक." झालं! बाजारच्या दिवशी फळ्यावर लिहिलं गेलं: एक नंबर, शेवटचं, हैदराबादची बाई.

कुसुमबाई पोट धरधरून हसली. आठवडाभर ती सरजाबाईला "मी आत्ताच हैदराबादहून आलेय, पाणी दे गं" म्हणायची. गंमत होती तोवर गंमत होती. पण पहिला नंबर हलेचना. दुसरा आठवडा झाला, तिसरा झाला, आणि चौथ्या आठवड्यात दिनकरराव बाकड्यावर बसून चार माणसांना सांगायला लागले, "मी सोता बघितलीय की तिला! हैदराबादला गेलतो तवा. गोरीपान बाई, कानात हिरे, मोटारीतून उतरली. मला म्हणाली, परभणीचे लोक लय शौकीन हाएत." लोक आ वासून ऐकत होते. कुसुमबाई मागं पोत्यावर बसून ऐकत होती आणि तिच्या हातातली पेन्सिल कडकन मोडली. आपला गळा कापून नेऊन कोण्या हिरेवालीच्या धडावर बसवला, असं तिला झालं. तिला रडू आलं नाही, संताप आला. तिचं हे एक बरं होतं.

त्याच दुपारी एक नव्वद मिनिटांची मोठी कॅसेट गुंडाळताना तिच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. गाणी संपल्यावर पट्टी चांगली पाच मिनिटांची उरलेली होती. तिनं कॅसेट टेपात घातली. शेवटी तिचं गाणं होतं, आणि ते उंबऱ्यातच तुटलं. पुढं नुसती खरखर. तिनं दुसरी नव्वदची घेतली. तिथंही तेच.

दुकान दुपारचं रिकामं होतं. तिनं टेप बंद केला आणि नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पट्टी संपती म्हणलात."

सितारामनं तिच्या हातातल्या कॅसेटीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाला, "शेवटच्या कडव्यात काय म्हणलीस तू? भीमाची लेक म्हणलीस. हे गाणं पाटलाच्या वाड्यात वाजायलंय, कुसुम. तिथं हे वाजलं आन उद्या दुकानावर दगड आला, मग? एकदा समदं जळालंय आपलं."

"मला ठाव न्हाई व्हय काय जळालंय ते?"

"म्हणूनच कापलं. तुझ्यासाठीच कापलं."

"माझ्यासाठी!" कुसुमबाईचा आवाज चढला. "इद्यापीठाच्या एका नावापायी माणसं मेली, घरं गेली, अजून मोर्चे निघायलेत, लाठ्या खायलेत लोक. आन माझ्या घरात माझा नवरा माझंच नाव कापायलाय! जाळणाऱ्याला तरी कष्ट पडले असतील, तुमी तर नुसतं बटन दाबलं."

हे बोलणं लागलं. लागायलाच पाहिजे होतं. सितारामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून कुसुमबाईलाही भडभडून आलं, कारण माणूस वाईट नव्हता हो, नुसता भ्यालेला होता. पण तिनं बोलणं मागं घेतलं नाही. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बाजारच्या दिसापर्यंत थांबते. तुमी सांगा लोकांना. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगीन, आन मला हळू बोलता येत न्हाई, ते तुमाला मालूम हाय."

बाजारचा दिवस उजाडला. सितारामनं सकाळी फळा लिहिला आणि पहिल्या नंबरापाशी खडू घेऊन इतका वेळ उभा राहिला की समोरचा पानवाला बघायला आला. शेवटी त्यानं जुनंच लिहिलं, हैदराबादची बाई. कुसुमबाईनं वाचलं आणि पोत्यावर जाऊन बसली.

अकराच्या सुमाराला दिनकरराव आले. मागं दोघं-तिघं, समोर दत्तराव, बाहेर फळ्यापाशी पंचवीस-तीस माणसांचा घोळका. दिनकरराव म्हणाले, "सिताराम, पोरीचं लग्न चार दिसांवर आलंय. हळदीला ती हैदराबादची बाई पाहिजे. जीप पाठवतो, म्हणंल ते देतो. तिचा पत्ता दे."

सिताराम याद्यांची तार चाचपत म्हणाला, "ती… ती कुठं जात न्हाई, मालक."

"न्हाई कशी? मला वळखती ती!"

कुसुमबाई उठली. पदर खोचला, गिऱ्हाइकांपुढची फळी ओलांडून पुढं आली आणि म्हणाली, "जीप कशाला पाठवता मालक, पायी चार पावलावर हाय. त्या गाण्याची बाई मी हाय."

दिनकरराव आधी हसले. मग म्हणाले, "बाई, नक्कल कुणालाबी करता येती. पोपट बी बोलतो."

"खरं हाय. पोपट ऐकलंय तेवढंच बोलतो," कुसुमबाई म्हणाली. "मग सांगा, उंबऱ्याच्या म्होरं काय हाय? तुमची तर भेट झालती तिची. एवढी बोलली तुमाला, तेवढं सांगितलं न्हाई का?"

बाहेरचा घोळका दाराशी सरकला. अख्ख्या जिल्ह्यात तेच एक कोडं होतं. नाचता नाचता हात वर करून थांबलेल्या प्रत्येक माणसाला ते पडलेलं होतं, की पुढं काय? दिनकरराव खाकरून मागच्या माणसांकडं बघायला लागले.

कुसुमबाई दारात गेली. डबा हाताशी नव्हता, तिनं पत्र्याच्या फळ्यावरच तळहात मारला. धाड धाड धाड! पहिल्या थापेला खडू उडाला, दुसऱ्या थापेला 'हैदराबाद' पुसट झालं. चुडाव्याच्या स्टेशनावर इंजिनाला मागं टाकणारा आवाज तिनं पोटातून काढला:

उंबऱ्यात उभी ऱ्हायले तर गल्ली नाचती,
खिडक्यांच्या आडून डोळं वाचती,
कोण नाचती, कोण नाचती, इचारतो गाव,
भीमाची लेक मी, कुसुम माझं नाव!

शेवटची ओळ तिनं तीनदा म्हटली. पहिल्यांदा लोक ऐकत होते. दुसऱ्यांदा मागं उभ्या असलेल्या दोन भाजीवाल्या बायांनी टाळ्या धरल्या. तिसऱ्यांदा तिनं सरळ दिनकररावांकडं बघून म्हटली. भांडण आणि नाच दोन्ही एकदम.

गाणं संपलं. मग दत्तराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "दिनकरराव, हिरे कुठं काढून ठिवले हो बाईनं?" आणि जो हशा उठला, तो समोरच्या धान्याच्या मोंढ्यात ऐकू गेला असेल. दिनकररावांचं तोंड लालबुंद झालं. त्यांनी टोपी सारखी केली, "बघू" म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या मागून हळूहळू आणखी काही माणसं पांगली. ती हसली नव्हती. ते कुसुमबाईनंही बघितलं आणि सितारामनंही.

सिताराम बाहेर आला. खाली पडलेला खडूचा तुकडा त्यानं उचलला. फळ्यावरचं हैदराबाद फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि बायकोकडं न बघता विचारलं, "कसं लिहू? नुसतं कुसुमबाई?"

"पुरतं लिवा. कुसुमबाई सिताराम खंदारे, चुडावा."

त्यानं लिहिलं. भर बाजारात, लोक बघत असताना लिहिलं. लोक कुसुमबाईच्या गाण्याची गोष्ट सांगतात, पण त्या माणसाला ते अक्षर काढताना काय पडलं असेल ते कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतोय.

पुढचे तीन दिवस सिताराम रस्त्याकडं तोंड करून बसला. दगड काही आला नाही. आल्या त्या याद्या. आणि त्या याद्यांत लोकांनी नवीनच काढलं. 'शेवटचं' असं आता कुणी लिहीना. काही लिहायचे, 'कुसुमबाईचं, पूर्ण'. आणि पुष्कळ जण लिहायचे, 'शेवटचं, उंबऱ्यापर्यंत'. तोंडानं कुणी वावगं बोललं नाही. कागदावर नुसतं 'उंबऱ्यापर्यंत'. दिनकररावांच्या घरच्या हळदीला गाणं वाजलं, खूप नाच झाला, आणि जुन्या कॅसेटीप्रमाणं उंबऱ्यात तुटल्यावर सगळे हात वर करून थांबले, असं सरजाबाई ऐकून आली. सांगताना तिनं चार शिव्या घातल्या. कुसुमबाई पट्टी गुंडाळत राहिली. एवढंच म्हणाली, "नाचले ना? पाय तर ऐकला न्हाई त्यांचाबी."

बाजारच्या आदल्या दिवशी सितारामनं तारेवरच्या याद्या काढल्या आणि रेघा ओढल्या. मग पुन्हा ओढल्या. 'उंबऱ्यापर्यंत' सव्वीस, 'पूर्ण' नऊ. त्यानं कागद कुसुमबाईपुढं सरकवला. जन्मात ज्यानं एक रेघ इकडची तिकडं केली नाही तो माणूस म्हणाला, "दोन्ही मिळून पस्तीस व्हत्यात. गाणं एकच हाय की. पहिलाच नंबर लिहितो तुझा."

त्यानं हे मायेनं म्हटलं होतं. आता दगडाचीही फिकीर नव्हती त्याला, बायकोचं नाव वर राहावं एवढंच होतं. कुसुमबाईला ते कळलं आणि क्षणभर तिला वाटलं, असू दे. पहिला नंबर कुणाला नको असतो? तिनं कागद हातात घेतला. नऊ नावं होती. दोन भाजीवाल्या, तार ऑफिसचे माणिकराव, पूर्णेचे चौघं, झरीचे दत्तराव, आणि एक चतुराबाई म्हणून होती तिला कुणीच ओळखत नव्हतं.

"उंबऱ्यापर्यंतचं गाणं माझं न्हाई," ती म्हणाली. "नाव नको म्हणणाऱ्याची रेघ मला नको. नऊ जणांनी मला बोलावलंय, नऊच धरा."

"नवावर सातवा नंबर येतो, कुसुम."

"मग सातवा लिवा. आन उद्यापासून उंबऱ्यापर्यंतचं भरायचं बंद. भरायचं तर पुरतं."

"गिऱ्हाईक तुटंल."

"तुटंल ते तुटंल. तुमचा फळा खोटा पडला तर काय ऱ्हाईल आपल्यापाशी?"

सितारामनं कागदावरच्या त्या सव्वीस रेघा खोडल्या. सकाळी त्यानं फळा लिहिला. वरचे सहा नंबर सिनेमाच्या गाण्यांचे होते, मोठमोठ्या गायकांचे. सातव्या ओळीत नाव एवढं लांब की चुडावा लिहायला जागा पुरेना, म्हणून ते थोडं खाली उतरवावं लागलं. कुसुमबाई कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभी राहिली. बाजाराला निघालेली एक अनोळखी म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत थांबली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय गं बाई यावर?"

"गाण्यांचे नंबर हाएत, आजी."

"पहिलं कोण हाय?"

"पहिलं कुणीबी आसू दे," कुसुमबाई म्हणाली. "सातवी मी हाय."